दिवाळी अंकाच्या जुन्या लेखांतले रंग-फॉन्ट काढायचे आहेत, पण कवितेचा आकार जाऊ द्यायचा नाही

वैशाखी

नमस्कार मंडळी.

आम्ही चौघी मिळून एक छोटा दिवाळी अंक काढतो. छापील प्रती तीनशे निघतात आणि त्या ओळखीतच संपतात; खरं वाचन होतं ते वेबसाइटवर. २०१३ साली साइट सुरू केली तेव्हापासूनचे सगळे अंक तिथे आहेत. त्याआधीच्या छापील अंकांतले निवडक लेखही तेव्हाच चढवले होते. मिळून सव्वासहाशेच्या आसपास लेख, कथा, कविता. वर्डप्रेस आहे, एडिटर जुना क्लासिक, वर बटणांची पट्टी असलेला: ठळक, तिरपं, रंग, फॉन्ट, आकार. लेखक मेलवर फाइल पाठवतात, आम्ही ती उघडून सगळं निवडतो आणि एडिटरमध्ये चिकटवतो. काही लेखक स्वतःच लॉगिन करून चढवतात.

यंदा गणपतीच्या आधी थीम बदलली. फोन रात्रीच्या मोडवर असला की आता पान काळं होतं आणि अक्षरं पांढरी. दुसऱ्याच दिवशी कराडच्या एका वाचकांचा मेसेज आला, ‘कथा अर्धीच दिसते. परिच्छेद, मग भलीमोठी मोकळी जागा, मग पुन्हा परिच्छेद.’ मी माझ्या फोनवर उघडलं. मोकळ्या जागेवर बोट दाबून धरलं तर निळ्या पट्टीत अक्षरं उमटली. मजकूर होता. काळ्यावर काळा होता.

मग एडिटरमधल्या ‘टेक्स्ट’ टॅबवर जाऊन आतला कोड बघितला. ‘आईने दिवा लावला आणि दार ओढून घेतलं.’ एवढं एक वाक्य. त्याच्याभोवती एकात एक तीन ‘स्पॅन’, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला दिसणं लावणाऱ्या खुणा. बाहेरच्यात रंग काळा. मधल्यात फॉन्ट मंगल, आकार १४.६६६७ पिक्सेल. आतल्यात पुन्हा रंग काळा आणि ओळींतलं अंतर ११५ टक्के. ‘दार’ आणि ‘ओढून’ यांच्यामध्ये स्पॅन बंद होऊन पुन्हा तस्साच सुरू झालेला. सात शब्दांच्या वाक्याला पाच ओळींचा कोड. असे किती असतील या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. आमच्यातल्या एकीने उत्साहाने कविता साफ करायला घेतल्या. नोटपॅडमध्ये नेल्या, ‘शोधा आणि बदला’ करून जास्तीच्या मोकळ्या जागा काढल्या आणि परत चिकटवल्या. त्यात माईंची कविता होती. माई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पहिल्या अंकापासून आमच्यासाठी लिहितात. त्यांची कविता विहिरीत उतरणाऱ्या मुलीची आहे, आणि ती अशी होती:

एक पायरी
    दुसरी
        तिसरी ओली
            चौथीवर पाणी

साफसफाईनंतर चारही ओळी डावीकडे एकाखाली एक. माईंचा फोन आला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘अगं, माझी विहीर बुजवलीत की तुम्ही.’

तर माझा प्रश्न असा. मजकूर आणि त्याचं दिसणं वेगळं ठेवावं हे मला पटतं. पण कुठलं दिसणं फेकायचं आणि कुठलं राखायचं, हे ठरवायचं कसं? लेखकांच्या हातून रंग-फॉन्टची बटणं काढून घ्यावीत का? आणि सव्वासहाशे लेख हाताने साफ करणं चौघींच्या आवाक्यातलं नाही, पण यंत्राच्या हाती दिले तर आणखी किती विहिरी बुजतील?

साधंसरळ

ताई, आधी आग विझवा. थीमच्या सीएसएसमध्ये, म्हणजे दिसण्याचे नियम असलेल्या स्टाइलशीटमध्ये, एक नियम घाला: लेखाच्या आतल्या प्रत्येक स्पॅनचा रंग ‘इनहेरिट’ (पानाचा असेल तोच), आणि पुढे ‘इम्पॉर्टंट’. लेखात आत लिहिलेली स्टाइल साध्या स्टाइलशीटला जुमानत नाही, ‘इम्पॉर्टंट’पुढे मात्र तिला हटावंच लागतं. पाच मिनिटांत सगळे परिच्छेद दिसायला लागतील.

आणि इथून पुढे चिकटवताना कंट्रोल-व्ही नको, कंट्रोल-शिफ्ट-व्ही. मधे शिफ्ट असला की नुसता मजकूर येतो. रंग नाही, फॉन्ट नाही, काही नाही. मी सगळीकडे हेच करतो.

अनुस्वार

साधंसरळ यांचा पहिला उपाय आज रात्रीच करा, ताई. दुसऱ्याबद्दल मात्र सावध. कंट्रोल-शिफ्ट-व्हीने रंग जातो, तसंच शीर्षक, दुवे आणि लेखकाने जाणूनबुजून ठळक केलेला शब्द हेही जातं. ते परत कोण घालणार? मूळ फाइल शेजारी उघडी ठेवून ओळीनं ओळ लावणारं माणूस असेल तरच हे परवडतं.

तुमचा खरा प्रश्न ‘ठरवायचं कसं’ हा आहे आणि तो माझ्या फार जवळचा आहे. मी १९९३ पासून सोळा वर्षं पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपी केलं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावली. तेव्हा हस्तलिखित यायचं, फुलस्केपवर, एका बाजूने लिहिलेलं. संपादक ते वाचताना लाल पेन्सिलीने समासात लिहायचे: ‘उपशीर्षक’. ‘उतारा, आत घ्या’. ‘पत्र’. ‘कविता, ओळी मोडू नका’. फॉन्टचं नाव त्यात कधीच नसायचं. पुस्तक डेमी की क्राउन, पानं किती बसवायची, कागद कुठला, हे कळल्यावर फॉन्ट आणि पॉइंट मी ठरवायचो. लेखकाला ते छापून आल्यावर दिसायचं. तेच पुस्तक पाच वर्षांनी दुसऱ्या आकारात निघालं तरी समासातल्या खुणा तशाच लागू पडायच्या. ‘पत्र’ हे पत्रच राहायचं, मी ते आत घेऊ दे नाहीतर बारीक टाइपात लावू दे.

समासातले ते चार शब्द म्हणजेच मजकूर आणि दिसणं यांतली रेघ. वेबवरही सुरुवातीपासून लोकांना हीच रेघ हवी होती. होकन व्ह्यूम ली यांनी सर्न या जिनिव्हाजवळच्या संशोधनसंस्थेत असताना सीएसएसची कल्पना मांडली ती ऑक्टोबर १९९४ मध्ये. डिसेंबर १९९६ मध्ये तिचं पहिलं प्रमाण झालं, आणि वेबपानाच्या खुणांची जी भाषा, तिच्या डिसेंबर १९९७ च्या आवृत्तीने, एचटीएमएल ४ ने, सांगून टाकलं की ‘फॉन्ट’ ही खूण आता वापरातून काढायची. मग २००० साली इंटरनेट एक्स्प्लोअरर ५.५ मध्ये वेबपानातच बसून टाइप करायची सोय आली आणि तिच्यावर पुढचे एडिटर उभे राहिले. २००३ चा एफसीके एडिटर, २००४ चा टायनीएमसीई. तुमचा क्लासिक एडिटर म्हणजे टायनीएमसीईच. त्या सोयीत ब्राउझरला द्यायच्या आज्ञा होत्या ‘ठळक कर’, ‘रंग दे’, ‘आकार वाढव’. शीर्षक आणि यादी एवढं सांगता यायचं. ‘हे पत्र आहे’, ‘हे कडवं आहे’ असं सांगायची आज्ञाच नव्हती. लाल पेन्सिल गेली आणि माझं काम लेखकाच्या गळ्यात पडलं. लेखकाने हाताशी होतं ते वापरलं, त्याचा काही दोष नाही.

आपण मराठी माणसांनी तर या घोळाची फार मोठी किंमत मोजली आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्या आधीचे आपले डीटीपीचे फॉन्ट आठवा. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की फाइलमध्ये साठवली जातात ती इंग्रजी अक्षरं: ई, जे, के, मोठा बी, एच. पडद्यावर मराठी दिसतं ते केवळ त्या फॉन्टने ई-च्या जागी ‘म’चं चित्र ठेवलंय म्हणून. फॉन्ट काढला की मराठीच गेली. मजकूर आणि दिसणं इतकं एकजीव झालेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. ‘वि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी साठवायची आणि ‘व’ नंतर, कारण डोळ्यांना ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये आधी ‘व’, मग वेलांटी, जसं तोंडाने म्हणतो तसं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण आमच्या धंद्यात तिला पोचायला त्यापुढे पंधरा-वीस वर्षं गेली, आणि तेवढ्या काळातली पुस्तकं कुठल्या कुठल्या सीडींवर त्या फॉन्टांच्या ताब्यात पडून आहेत. माझ्या हातून लावलेली कितीतरी पुस्तकं आज मलाच उघडता येत नाहीत.

मग ठरवायचं कसं? मी एक कसोटी वापरतो. लेख कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचा आहे असं समजा. वाचताना ज्या गोष्टीमुळे तुमचा आवाज बदलतो, तुम्ही थांबता, किंवा ‘आता हे पत्र बरं का’ असं सांगावं लागतं, ती गोष्ट मजकुराची. तिला नाव द्या आणि राखा. जिच्यामुळे वाचण्यात काहीच फरक पडत नाही, ती दिसण्याची. १४.६६६७ पिक्सेल तुम्ही वाचून दाखवू शकत नाही. (तो आकडा लेखकाने निवडलेलाही नाही. वर्ड प्रोसेसरमधले ११ पॉइंट ब्राउझरच्या हिशेबात तेवढे होतात.) माईंची तिसरी पायरी मात्र कुणीही वाचताना खाली उतरल्यासारखी वाचेल.

आपल्या लिपीत ही रेघ कधीकधी अक्षराच्या आतून जाते. पाकळीचा ‘ल’ आणि दंडाचा ‘ल’ यांना युनिकोडमध्ये एकच जागा आहे. २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवले, पण मजकुरात तुम्ही नुसता ‘ल’ लिहायचा. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं, आणि फॉन्टात तशी सोय असली, की पाकळी आपोआप येते. ते दिसणं झालं. पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’? एक समुद्र, एक डोंगरातल्या. तिथे रफार की चंद्रकोरीसारखा ‘र’ हा मजकूर आहे, सजावट नव्हे. साफ करणाऱ्या माणसाला हा फरक कळत नसेल तर त्याच्या हाती काम देऊ नका.

वैशाखी

अनुस्वार, तुमचं उत्तर तिघींना मोठ्याने वाचून दाखवलं. समासातल्या लाल पेन्सिलीपाशी आम्ही सगळ्याच थांबलो, कारण आमच्या पहिल्या संपादिका असंच करायच्या. त्या २०११ मध्ये गेल्या. त्यांच्या खुणांचे कागद अजून माझ्या कपाटात आहेत.

तुमच्या कसोटीवर काल एक ललित लेख तपासला. त्यात आईची पत्रं निळ्या अक्षरांत आहेत आणि मुलीचं निवेदन काळ्या. रंगाशिवाय पत्र कुठे संपतं ते सांगणारं दुसरं काहीच नाही, अवतरणचिन्हसुद्धा नाही. आंधळेपणाने रंग उडवले असते तर आई आणि मुलगी एकमेकींत मिसळून गेल्या असत्या. आता तिथे ‘पत्र’ असं नाव द्यायचं हे कळलं, ते एडिटरमध्ये द्यायचं कसं ते कळत नाही.

कानसेन

वैशाखीताईंनी व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) दुवा दिला म्हणून अंक उघडला. मी डोळ्यांनी वाचत नाही, एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतो. मोफत आहे, त्यात मराठी आवाजही आहे.

लांब लेख मी कसा वाचतो ते सांगतो. एच दाबला की पुढच्या शीर्षकावर उडी. दोन दाबला की दुसऱ्या पातळीच्या शीर्षकावर. डोळस माणूस पान वरून खाली चाळतो ना, ते माझं चाळणं. तुमच्या अंकातला साताऱ्याच्या पेठांवरचा लेख चांगला पाऊण तासाचा आहे. एच दाबला, ‘पुढे शीर्षक नाही’. पुन्हा दाबला, तेच. पेठांची नावं ऐकू येतात, पण परिच्छेदांच्या ओघात, बाकीच्या वाक्यांसारखीच. ती ठळक आणि मोठी केलेली असणार. मला ठळक दिसत नाही, मोठं दिसत नाही. ‘हे शीर्षक आहे’ असं कुणी लिहिलं असेल तरच मला ते शीर्षक. चौथी पेठ पुन्हा ऐकायची होती म्हणून मला सुरुवातीपासून खाली बाण दाबत यावं लागलं.

दुसरं. तुमच्या पानांची भाषा कोडमध्ये इंग्रजी लावलेली आहे. त्यामुळे माझा प्रोग्रॅम इंग्रजी आवाज घेऊन मराठी वाचायला जातो आणि मला दर वेळी हाताने बदलावं लागतं. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा.

आणि तिसरं, हे तुम्हाला माहीत आहे का ते मला ठाऊक नाही. २०१३ साली चढवलेल्या जुन्या लेखांत ओव्यांवरचा एक लेख आहे. शीर्षक मराठीत ऐकू आलं, आणि आत शिरल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं. सुटी, अर्थ नसलेली, स्वल्पविराम आणि कंस मध्येमध्ये. मी दोन मिनिटं ऐकलं. अनुस्वारांनी वर्णन केलंय तेच असणार.

वैशाखी

कानसेन, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच तो लेख लॅपटॉपवर उघडला. स्वच्छ मराठी दिसत होतं. मग फोनवर उघडला. वाचता येईना.

माझ्या लॅपटॉपवर तो डीटीपीचा फॉन्ट आहे, पहिल्यापासून. म्हणून मला कधी कळलंच नाही. तो लेख आमच्या पहिल्या संपादिकांचा आहे. जावळीच्या खोऱ्यात गावोगाव फिरून त्यांनी जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. इतकी वर्षं तो अंकात आहे असं मी लोकांना सांगत आले, आणि माझ्याशिवाय तो कुणालाच वाचता आला नसेल.

हे परत आणता येईल का?

मिलिमीटर

येईल, ताई. अक्षरं गेलेली नाहीत, फक्त कुलपात आहेत. आणि किल्ली कोडमध्ये तिथेच लिहिलेली आहे: फॉन्टचं नाव. म्हणूनच कुठलाही रंग-फॉन्ट उडवायच्या आधी हे वाचा. मी दोन मासिकांची जुनी पानं अशी साफ केली आहेत.

जुन्या फॉन्टांची कोष्टकं एकसारखी नसतात. कृतिदेवमधला ‘म’ ज्या अक्षरावर आहे त्यावर श्रीलिपीच्या फॉन्टात दुसरंच काही असतं. स्पॅनमधलं फॉन्टचं नाव पुसलंत तर समोर इंग्रजी अक्षरांचा ढीग राहील आणि तो कुठल्या कोष्टकाने उलगडायचा हे अंदाजाने शोधावं लागेल. तेव्हा आधी संपूर्ण बॅकअप, मग काम वेगळ्या प्रतीवर, आणि पहिलं काम म्हणजे सव्वासहाशे लेखांत फॉन्टची कुठली कुठली नावं आली आहेत त्यांची यादी. मंगलसारखी युनिकोडची नावं बिनघोर काढायच्या रांगेत. जुनी नावं दिसली की तो लेख बाजूला. त्याचं रूपांतर आधी, साफसफाई नंतर. रूपांतरानंतर माणसाने वाचायलाच हवं. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे चुका राहतात.

बाकीच्यांसाठी शोधा-आणि-बदला वापरू नका, एकात एक स्पॅन त्याला उलगडत नाहीत. एचटीएमएल समजणारा पार्सर, म्हणजे खुणांची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, घ्या. पायथनमध्ये ब्यूटिफुल सूप, पीएचपीमध्ये डॉम-डॉक्युमेंट. पीएचपी घेतलंत तर मजकूर यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) आहे हे त्याला स्पष्ट सांगा, नाहीतर देवनागरीचा चिखल होतो. नियम उलट्या बाजूने लिहा: काय काढायचं याची यादी संपत नाही, काय ठेवायचं याची छोटी असते. परिच्छेद, शीर्षकाच्या दोन पातळ्या, ठळक, जोर, उतारा, याद्या, दुवा, ओळ तोडणं, चित्र. बाकी खूण काढा, आतला मजकूर ठेवा.

मला जिथे ठेच लागली त्या जागा सांगतो. गूगल डॉक्समधून चिकटवलेला मजकूर बऱ्याचदा अख्खाच्या अख्खा एका ‘बी’ खुणेत गुंडाळलेला येतो आणि त्याच खुणेवर ‘वजन साधं’ अशी स्टाइल असते. स्टाइल उडवून खूण ठेवलीत की लेख पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत ठळक. क्लासिक एडिटरमध्ये परिच्छेदाची ‘पी’ खूण सहसा डेटाबेसमध्ये नसते, दोन एन्टर असतात आणि खूण दाखवताना लागते. त्यामुळे रिकाम्या ओळी ‘अनावश्यक’ म्हणून काढल्यात तर कथा सलग एक परिच्छेद होईल. आणि न दिसणारी अक्षरं सरसकट पुसणारा नियम चुकूनही घालू नका. अनुस्वारांच्या ‘दऱ्या’मधला ‘र’ पुष्कळ जुन्या युनिकोड मजकुरात साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर असा लिहिलेला असतो. तो जॉइनर न दिसणारं अक्षर आहे. तो पुसला की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि शब्द शुद्धच असल्यामुळे कुठलाही शुद्धिचिकित्सक तुम्हाला हटकणार नाही.

ठळक-परिच्छेदांची शीर्षकं यंत्राला करू देऊ नका. ज्या परिच्छेदात सगळंच ठळक आहे आणि शब्द दहाच्या आत आहेत, त्यांची यादी यंत्राकडून घ्या आणि होय-नाही तुम्ही करा. कथेत ‘तो गेला.’ एवढंच ठळक वाक्य असतं, ते शीर्षक नसतं.

आता ‘पत्र’. टायनीएमसीईमध्ये ‘फॉरमॅट्स’ नावाचा मेनू चालू करता येतो आणि त्यात आपली नावं घालता येतात. नाव मराठीत ठेवा: पत्र, ओवी, कडवं, संपादकांची टीप, ओळ एक पायरी आत, दोन पायऱ्या आत. निवडलं की त्या मजकुराला फक्त क्लास, म्हणजे कोडमधलं नाव, लागतो. तो क्लास कसा दिसायचा ते स्टाइलशीटमध्ये एकदा लिहायचं. माईंच्या कवितेत आता मोकळ्या जागा मोजून भरलेल्या असतील. लहान फोनवर त्या ओळीला ढकलून तोडतात. पायरीचा इंडेंट अक्षराच्या मापात द्या आणि छोट्या पडद्यावर माप निम्मं करा. उतरण तीच राहील.

रंग, फॉन्ट आणि आकाराची बटणं काढा, हो. पण तेवढं पुरत नाही, कारण चिकटवलेल्या मजकुराबरोबर स्टाइल आत येतेच. चिकटवताना गाळणारी सेटिंग टायनीएमसीईत आहे, आणि जतन करताना सर्व्हरवर दुसरी गाळणी ठेवा.

अनुस्वार

मिलिमीटर यांनी शेवटी एक गोष्ट ओघात सांगितली, ती मी पुन्हा सांगतो: नाव मराठीत ठेवा. मेनूत ‘ओवी’ दिसली की लेखकाला कळतं आपण काय निवडतोय.

आणि स्टाइलशीट लिहितालच तर दोन गोष्टी. शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि ‘जोर’ या खुणेला देवनागरीत तिरपं करू नका. आपल्या छपाईत तिरप्या अक्षराची परंपरा नाही, ब्राउझर सरळ अक्षर ओढून वाकडं करतो. जोर हवा तिथे जाड अक्षर द्या. लेखकाने ‘जोर’ लिहिलं आहे, तो कसा दाखवायचा ते तुमच्या हातात आहे.

वैशाखी

तीन आठवडे झाले. उशिरा लिहितेय, कारण रात्री शाळेच्या वह्या तपासून झाल्यावरच हे काम करता येतं.

फॉन्टच्या नावांच्या यादीत तेवीस लेख निघाले, दोन वेगवेगळ्या जुन्या फॉन्टांतले. तेवीसच्या तेवीस फक्त माझ्या लॅपटॉपवर वाचता येणारे. एकीच्या भाच्याने रूपांतर करून दिलं आणि आम्ही चौघींनी वाटून वाचलं. ओव्यांचा लेख मी घेतला. बाईंचे समासातले कागद कपाटातून काढून शेजारी ठेवले. प्रत्येक ओवीपाशी त्यांनी लाल अक्षरांत लिहून ठेवलंय: ‘ओवी. ओळी मोडू नका.’ आणि जिथे गाव बदलतं तिथे ‘गाव, शीर्षक’. मला काही ठरवावंच लागलं नाही. त्यांनी लिहिलं होतं ते मेनूतून निवडत गेले.

लेखकांच्या पट्टीवर आता ठळक, जोर, दुवा, यादी आणि ‘फॉरमॅट्स’ एवढंच आहे. दोघांनी विचारलं रंग कुठे गेला. एकांना तो फक्त शीर्षक उठून दिसायला हवा होता. त्यांना शीर्षक दाखवलं. दुसऱ्यांच्या लेखात लाल रंग म्हणजे नवऱ्याचे मनातले विचार होते. आम्ही ‘मनातलं’ असं नाव मेनूत वाढवलं.

माईंकडे रविवारी गेले होते. त्यांच्याच छोट्या फोनवर कविता उघडून दिली, रात्रीचा मोड लावून. त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ खाली उतरत गेल्या. चौथ्या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘पाणी आहे.’

कानसेन, ओव्यांच्या लेखाचा दुवा व्यनि केलाय. भाषा मराठी केली आहे, गावांची नावं दुसऱ्या पातळीची शीर्षकं आहेत. घाई असेल तर दोन हा आकडा तीनदा दाबा. तिथली पहिली ओवी बाईंनी त्यांच्या आजीकडून ऐकलेली आहे.